तांबडे पाय

मे महिन्याचा पहिला आठवडा. उत्तराखंडातल्या तुंगनाथ मंदिराची दारं हिवाळ्यानंतर नुकतीच उघडली होती. पुण्याहून नऊ जणांना पक्षी दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांत एक काकू होत्या, गुडघ्यांनी हैराण. पायथ्याच्या चोपत्याहून खच्चरावर बसून त्या मंदिरापर्यंत आल्या. तुंगनाथची उंची ३,६८० मीटर; तिथून पुढे चंद्रशिला शिखराचा चढ.

"तुम्ही जा रे. मी इथंच बसते," म्हणाल्या.

सकाळ तशी छानच गेली होती. बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या कुरणात, रानकोंबड्याच्या जातीतला मोनाल नर आकड्यासारख्या चोचीने माती उकरत होता. बर्फ वितळलेल्या उतारावर सशाचा भाऊबंद पिकाही दिसला: मूठभर जीव, गोल कान, शेपटी दिसतच नाही. दगडाच्या फटीतून बाहेर यायचा, गवताची काडी तोंडात धरून परत गडप. पण मंडळींना हवा होता स्नो पार्ट्रिज, बर्फाळ उंचीवरचा तित्तिर. खरं सांगायचं तर मलाच जास्त हवा होता. तीन वर्षं त्या धारेवर हुलकावणी देत होता.

पक्षी राखाडी, बारीक पट्ट्यांचा. बर्फ आणि दगड जिथे मिसळतात तिथेच बसतो, हलला नाही तर दुर्बिणीतही दगडच वाटतो. चंद्रशिलेपर्यंत एकेक घळ चाळली. अकराला धुकं चढलं आणि दहा फुटांपलीकडचं दिसेना. हात हलवत खाली उतरलो.

काकू मंदिरामागे उन्हाचा शेवटचा तुकडा धरून बसल्या होत्या.

"अरे, एक कोंबडी येऊन गेली."

मी पुस्तक काढलं नाही. चित्र आधी दाखवलं की माणसाला तेच आठवायला लागतं. नुसतं विचारलं, "कशी होती?"

"अंगावर बारीक रेघा, घोंगडीसारख्या. पोट तपकिरी. चोच तांबडी, पायही तांबडे. त्या बर्फाच्या कडेला टोचत होती. मी इतकी जवळ, पण घाबरली नाही बाई."

तांबडे पाय म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मोनालच्या मादीचे पाय तांबडे नसतात; डोंगरकावळ्याचे (इंग्रजीत चफ) असतात. पण पोट तपकिरी, अंगावर रेघा आणि वर कोंबडीएवढा? दुसरं काही असूच शकत नव्हतं.

आम्ही सगळे त्या बर्फाच्या कडेला धावलो. ओल्या बर्फात तीन बोटांचे ठसे, शेजारी टोचलेलं हिरवं. अर्धा तास कुडकुडत थांबलो. धुक्यात फक्त डोंगरकावळ्यांची शीळ.

"फोटो?" एकाने जरा खवचटपणेच विचारलं.

"हातात जपमाळ होती," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी यादी लिहिताना मी नोंद केली: स्नो पार्ट्रिज १, पाहणाऱ्या काकू. माझ्या स्वतःच्या यादीत ती ओळ अजून रिकामी आहे. काकूंना वही दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि विचारलं, "बरं, चहाचं काय झालं?"