क्यूब पुन्हा भरता येतो, पोथी नाही

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की आधी कोर्सवर्क. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे ते किमान 12 क्रेडिटचं असतं आणि त्यात संशोधनपद्धती हा विषय असतोच. अनेक ठिकाणी हा विषय सगळ्या शाखांना एकत्र बसवून एकाच साच्यात शिकवला जातो: गृहीतक मांडा, नमुना निवडा, प्रश्नावली वाटा, आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरा, गृहीतक स्वीकारा किंवा फेटाळा. मग मोडी कागदांवर काम करणारा विद्यार्थी सिनॉप्सिसमध्ये ओढूनताणून शून्य गृहीतक लिहितो. काँक्रीटवर काम करणारी विद्यार्थिनी साहित्याच्या आढाव्याची चाळीस पानं भरते आणि सिमेंट कुठल्या गोणीतलं होतं हे मात्र लिहीत नाही. दोघांचंही नुकसान होतं.

पद्धत ठरवताना 'मानव्यविद्या की अभियांत्रिकी' ही विभागणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुमचा पुरावा पुन्हा तयार करता येतो का? येत असेल तर मेहनत पुनरावृत्तीवर घालायची. तो जगात एकच असेल तर मेहनत नोंदीवर घालायची. आणि दर वेळी तो नव्यानेच जन्मत असेल, तर प्रसंग टिपण्यावर.

काँक्रीटची ताकद तपासायला भरतात तो ठोकळा, म्हणजे क्यूब, पहिल्या प्रकारातला. 150 मिलिमीटरचा साचा, आतून तेलाचा पातळ हात, तीन थरांत भरणं, प्रत्येक थराला 16 मिलिमीटर जाडीच्या सळईने 35 ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा, क्यूब 27 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि 28 व्या दिवशी दाब देणाऱ्या मशीनमध्ये फोडायचा. हे सगळ्यांना पाठ असतं. आकडे बिघडतात ते मशीनपाशी. भारतीय मानकानुसार भार मिनिटाला 14 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या वेगाने चढवायचा. क्यूबच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वापाच किलोन्यूटन. एम-25 चं, म्हणजे 25 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं, मिश्रण 31.6 च्या सरासरीवर बेतलेलं असेल, तर क्यूब साधारण 711 किलोन्यूटनला फुटायला हवा आणि तिथवर जायला सव्वादोन मिनिटं लागायला हवीत. प्रयोगशाळेत रांग लागलेली असली की तोच क्यूब अर्ध्या मिनिटात उरकला जातो. भार झपाट्याने चढला की ताकद खरीपेक्षा जास्त दिसते. म्हणून वहीत भारासोबत फुटायला लागलेला वेळही लिहावा. हा एक रकाना असला की परीक्षकाच्या निम्म्या शंका मिटतात.

दुसरी चूक बाजूची. भरताना जी बाजू वर होती ती थापीने सारखी केलेली असते, साच्याला टेकलेल्या बाजूंइतकी सपाट नसते. क्यूब तसाच उभा मशीनमध्ये ठेवला तर भार उंचवट्यांवर एकवटतो आणि आकडा खाली येतो. क्यूब आडवा करून साच्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवरच भार द्यायचा. आणि फुटलेला क्यूब लगेच ढिगाऱ्यात टाकू नये. चारही उभ्या बाजू सारख्या सुटून मधे डमरूसारखा आकार राहिला असेल तर भार नीट बसला होता. एकच बाजू ढलपली असेल तर क्यूब मध्यावर नव्हता किंवा प्लेट तिरकी होती, आणि तो आकडा संशयास्पद. फुटलेल्या क्यूबचा फोटो काढून त्यावर क्रमांक टाकून ठेवायला दहा सेकंद लागतात.

हे सगळं सुधारता येतं, कारण आकडा पटला नाही तर पुन्हा क्यूब भरता येतात. अभियांत्रिकीतल्या विद्यार्थ्याकडे ही मोठी मुभा आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. तीन क्यूब फोडायचे, सरासरी काढायची आणि पुढे जायचं, अशी सवय पडलेली आहे. मानक सांगतं की तिन्हींपैकी एकही सरासरीपासून 15 टक्क्यांहून दूर असेल तर तो नमुनाच अवैध. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच घमेल्यातून भरलेले तीन क्यूब हा एकच नमुना असतो. त्यातून तुमच्या भरण्यातली आणि फोडण्यातली चूक कळते, मिश्रण दर वेळी तसंच जमेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी वेगळ्या दिवशी, सिमेंटच्या वेगळ्या गोणीतून, नव्याने मिश्रण करावं लागतं. प्रबंधात 'नमुने नऊ' असं लिहिलेलं असतं आणि मिश्रण एकदाच केलेलं असतं. मग खरा नमुना एकच.

नेमका हाच मुद्दा पुण्यात शंभर वर्षांपूर्वी पोथ्यांच्या बाबतीत पुढे आला होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे पोथ्या ताडून पाहून जुना पाठ ठरवण्याचं, काम 1919 मध्ये हाती घेतलं आणि ते 1966 मध्ये पूर्ण झालं. एकूण 1259 हस्तलिखितं तपासली गेली. 1925 पासून काम विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे होतं. ते केंब्रिजला गणित शिकले होते आणि मग बर्लिनला संस्कृताकडे वळले होते. त्यांची शिस्त वाचताना ते गणित जाणवत राहतं.

पद्धत अशी. चौकटी आखलेला तक्ता, वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. अनुष्टुभ छंद असेल तर 32 चौकटी. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ आणि पोथीत जिथे फरक असेल तेवढंच त्या चौकटीत लिहायचं. पोथीला तिच्या लिपीवरून आणि परंपरेवरून संकेताक्षर: शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, आणि दक्षिणेकडच्या तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. असे तक्ते तयार झाल्याशिवाय कोणता पाठ जुना यावर बोलायचंच नाही.

आता चाळीस पोथ्यांत एक पाठ आणि दोन पोथ्यांत दुसरा पाठ असेल तर बहुमत कुणाचं? त्या चाळीसही एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या असतील तर त्यांचं मत एकच. एका घमेल्यातले तीन क्यूब तशा एका घराण्यातल्या चाळीस पोथ्या. उलट काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी एकच पाठ देत असतील तर त्याचं वजन फार मोठं, कारण इतक्या दूरच्या दोन लेखनिकांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं असण्याचा संभव कमी. पोथ्या मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. संख्याशास्त्राच्या तासाला 'स्वतंत्र निरीक्षणं' म्हणून जे शिकवतात ते हेच, आणि अभियांत्रिकीच्या मुलांना ते पोथ्यांच्या उदाहरणातून जास्त चांगलं कळेल असं मला मनापासून वाटतं.

पोथीतल्या चुकांनाही कारणं असतात आणि ती शिकून घ्यावी लागतात. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर लेखनिकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधली ओळ गळते. घ आणि ध, प आणि य, म आणि स, ब आणि व यांची अदलाबदल होते. पानाच्या समासात कुणीतरी लिहिलेली टीप पुढच्या प्रतीत श्लोक होऊन बसते. अवघड रूप सोपं केलं जातं, सोपं रूप मुद्दाम अवघड सहसा कुणी करत नाही. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ बहुधा जुना, पण तो अर्थहीन नसेल तरच. निर्णय पक्का नसेल तिथे भांडारकरच्या आवृत्तीत शब्दाखाली नागमोडी रेघ आहे. ही रेघ मला फार मोलाची वाटते. आलेखातल्या बिंदूवर चुकीची मर्यादा दाखवणारी उभी रेघ असते, तिचंच हे काम.

इथवर वाचून असं वाटेल की मानव्यविद्येत हीच पद्धत सगळीकडे चालते. चालत नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा करवून घेतलेला ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या वर आहे. संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या आणि पुढे 'पारी'ने (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) तो संग्रह लोकांपर्यंत आणला. एकच ओवी मुळशीत एका रूपात आणि बीडला दुसऱ्या रूपात मिळते. इथे तक्ता मांडून 'मूळ ओवी' शोधायला गेलं तर हाती जे येईल ते कुठल्याच बाईने कधी गायलेलं नसेल. ओवीला मूळ प्रत नसते. प्रत्येक गाणारी ती आपली करून गाते, आणि तो फरक हाच अभ्यासाचा विषय. म्हणून नोंद वेगळी: गाणारीचं गाव, माहेर, तिने ओवी कुणाकडून घेतली, कुठल्या गळ्यावर, म्हणजे चालीवर, गायली, ओवीच्या मधे 'गं बाई', 'सांगते बाई तुला' असं काय काय घातलं. लिहून घेणारे हे मधले शब्द भरतीचे समजून गाळतात आणि मग चालीचा हिशेब लागत नाही. बोलीतलं रूप शुद्ध करून लिहिणं ही त्याहून वाईट चूक, कारण ती नंतर पकडता येत नाही. ध्वनिमुद्रण दाबलेल्या फाइलमध्ये न करता 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये करावं. आणि शक्य असेल तर जातं ओढतानाच करावं. नुसतं बसून गायलं की लय बदलते.

अभियांत्रिकीतही असंच दुभंगलेपण आहे. उभ्या इमारतीचा क्यूब कुठून आणणार? इमारत एकच, पोथीसारखी. तिथे रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते पाहायचं) आणि अल्ट्रासॉनिक पल्स (काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजायचं) वापरतात. हॅमरवरून काढलेल्या ताकदीत 25 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं असं भारतीय मानकातच म्हटलेलं आहे. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कठीण झालेला असतो, त्यामुळे हॅमर जास्त ताकद दाखवतो. ओल्या पृष्ठभागावर कमी दाखवतो. 1992 च्या भारतीय मानकाप्रमाणे पल्सचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असेल तर शंका. पण हे सिमेंट काँक्रीटचे आकडे. ते चुन्यातल्या दगडी बांधकामाला लावणारे अहवाल मी पाहिले आहेत आणि त्यांना काही अर्थ नाही.

जुन्या चुन्यावर काम करायचं तर दोन्ही बाजूंची पद्धत एकाच टेबलावर लागते. गडाच्या किंवा वाड्याच्या डागडुजीसाठी मूळ मसाल्याचं प्रमाण हवं असतं. आधी परवानगी, मग सांध्याच्या आतून नमुना. वरवरचा घेतला तर कदाचित मागच्या पिढीतल्या दुरुस्तीचा सिमेंटचा लेप हाती येतो. नमुना हलक्या हाताने मोकळा करून 105 अंशांवर वाळवायचा, तोलायचा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात फेस थांबेपर्यंत ठेवायचा, गाळून, धुऊन, वाळवून उरलेली वाळू तोलायची. समजा 100 ग्रॅममधून 68 ग्रॅम वाळू उरली. विरघळले ते 32 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. गवंड्याने मात्र विरवलेला, म्हणजे भट्टीतल्या कळीवर पाणी घालून केलेला, चुना घातला होता, म्हणून 32 ला 0.74 ने गुणायचं: 23.7 ग्रॅम. वजनाने वाळू जवळपास चुन्याच्या 2.9 पट. पण बांधकामावर माप घमेल्याचं असतं, आणि विरवलेल्या चुन्याची कोरडी पूड वाळूच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी हलकी. आकारमानाने हेच प्रमाण एकास एकच्या जवळ जातं. अहवालात 'प्रमाण 1:3' एवढंच लिहून वजन की आकारमान हे न सांगितल्यामुळे दुरुस्तीत चुना एक तृतीयांशावर येतो.

कोकण किनाऱ्यावर आणखी एक अडचण. वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही आम्लात विरघळतो आणि चुना भरमसाट दिसतो. आम्लात टाकण्याआधी नमुना भिंगाखाली पाहायलाच हवा.

बांधकामाच्या खर्चाचे मोडी कागद मिळाले तर मदत होते, पण तिथे इतिहासाची शिस्त पाळावी लागते. कागदावर सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातली जुनी कालगणना, अरबी अंकशब्दांत असतं. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: 1161. इसवी सन काढायला यात 599 मिळवायचे की 600, हे महिन्यावर ठरतं, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर 599, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. सरसकट 599 मिळवणारा माणूस पानिपत जानेवारी 1760 मध्ये नेऊन ठेवतो. मापांचंही तसंच. 20 मणांची खंडी हे ठीक, पण मण किती शेरांचा आणि शेर केवढा हे मुलखागणिक बदलतं, शिवाय खंडी वजनाचीही असते आणि मापाचीही. आणि 'चुना' म्हणजे भट्टीतून आलेली कळी की विरवलेला? शुद्ध कळी 100 किलो विरवली की कोरडा चुना 132 किलो होतो. हे न ठरवता कागदातला आकडा आणि प्रयोगशाळेतला आकडा शेजारी ठेवले तर दोन्ही बरोबर असूनही जुळणार नाहीत.

अशा विषयाला सल्लागार समितीवर मोडी वाचणारा एक आणि साहित्य-चाचणी करणारा एक, असे दोघे पहिल्याच बैठकीपासून हवेत. सिनॉप्सिसमध्ये गृहीतकाच्या जागी 'पुरावे आणि त्यांच्या मर्यादा' असं प्रकरण द्यावं आणि प्रत्येक पुराव्यापुढे तो पुन्हा मिळवता येईल की नाही हे लिहावं. साम्य तपासणीचं सॉफ्टवेअर मोडीच्या लिप्यंतरावर आणि मानकातल्या चाचणीच्या वर्णनावर हमखास लाल खूण करतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे आणि श्रेय देऊन केलेली अवतरणं मोजणीतून वगळली आहेत. म्हणून लिप्यंतरं अवतरणचिन्हांत, रुमालाच्या (कागदांच्या बासनाच्या) क्रमांकासह, वेगळ्या परिशिष्टात ठेवावीत, आणि चाचणीच्या वर्णनात मानकाची वाक्यं उतरवण्याऐवजी फक्त मानकाचा क्रमांक देऊन आपण त्यापासून कुठे ढळलो तेवढंच लिहावं.