तेहरानहून आलेली वही

इस्राएलमधील होलोन शहरात इराणहून आलेल्या ज्यूंची मोठी वस्ती आहे. मी तेथील ज्या वृद्धाश्रमात परिचारिका आहे, तेथेही फारसी बोलणारे बरेच आजी-आजोबा राहतात. १३ जून २०२५ रोजी, शुक्रवारी, माझी रात्रपाळी होती. त्याच दिवशी पहाटे इस्राएलने इराणवर हवाई हल्ले केले होते, तेहरानमधील निवासी इमारतीही त्यांत सापडल्या होत्या आणि इराण प्रत्युत्तर देणार हे उघड होते. रात्री नऊच्या सुमारास भोंगे वाजू लागले, तेव्हा आम्ही चालता न येणाऱ्यांना चाकाच्या खुर्च्यांवरून सुरक्षित खोलीत नेले आणि पोलादी दार ओढून घेतले.

माझ्या शेजारी तेहरानच्या एक आजी होत्या. त्यांना सगळे खानुम म्हणतात. त्यांच्या मांडीवर वडिलांच्या हस्ताक्षरातली एक वही होती. तिची भाषा फारसी, पण लिपी हिब्रू. इराणी ज्यू शतकानुशतके असेच लिहीत आले. चौदाव्या शतकात शाहीन नावाच्या कवीने मोशेची कथा याच रीतीने फारसी पद्यात रचली, आणि तिच्यातले काही वेचे वडिलांनी वहीत उतरवून घेतले होते. खानुमना आता अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी मला वाचायला सांगितले. मला हिब्रू लिपी वाचता येते, फारसी समजत नाही. बरेच स्वर लिहिलेलेच नसल्यामुळे मी ओळीओळीला अडखळत होते, आणि खानुम डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरत, तीच ओळ बिनचूक म्हणून दाखवीत होत्या. बाहेर दणके बसत होते. वरची दिव्याची नळी हादरे आणि पुन्हा स्थिर होई. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे रायगड जिल्ह्यातले. आमच्या समाजात बायबलमधल्या कथा मराठी कीर्तनांतून सांगितल्या जात, त्यामुळे परक्या वाटणाऱ्या भाषेतला हा मोशे मला मुळीच परका वाटला नाही.

आजोबांना भेटायला आलेला एक तरुण नातू मध्येच म्हणाला, "सगळे तेहरान जमीनदोस्त करायला हवे."

खानुमनी ताल थांबवला. "माझा धाकटा भाऊ तिथे राहतो," त्या म्हणाल्या. "ज्यांनी एलघानियानना गोळ्या घातल्या त्यांना मी क्षमा करणार नाही. पण तेहरान त्यांचे नाही."

हबीब एलघानियान हे इराणी ज्यूंचे पुढारी आणि मोठे उद्योगपती होते. इराणमधील इस्लामी क्रांतीनंतर, ९ मे १९७९ रोजी, त्यांना मृत्युदंड देण्यात आला आणि हजारो ज्यू कुटुंबांनी देश सोडला. खानुमचे कुटुंब त्यांपैकीच एक. त्याआधी त्या तेहरानहून थेट विमानाने बहिणीला भेटायला इस्राएलला येत असत. इराणने १९५० मध्येच या देशाला व्यवहारात मान्यता दिली होती, आणि एलात ते अश्कलोन ही तेलवाहिनी दोन्ही देशांच्या भागीदारीत उभी राहिली होती. म्हणूनच या वैराला कुणी पुरातन म्हटले की मला संताप येतो. इ. स. पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकून ज्यूंना यरुशलेमला परतण्याची मुभा देणारा कोरेश राजा पर्शियनच होता, आणि बायबलमधील यशयाच्या ग्रंथात त्याला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे. पुढच्या काळात सगळे गोडच होते असे मात्र नाही. १८३९ मध्ये मशहदच्या ज्यूंना बळाने मुसलमान केले गेले, हेही खानुमनीच मला सांगितले होते.

युद्ध बारा दिवस चालले. इराणमधील इंटरनेट बंद पडले आणि भावाची खुशाली कळेना. शेवटी लॉस एंजेलिसमधल्या भाचीमार्फत तो सुखरूप असल्याचा निरोप आला. दरम्यान इराणमधील ज्यू संघटनांनी इस्राएलच्या हल्ल्याचा निषेध करणारी निवेदने काढली. ती बातमी वाचून दाखवताना त्या नातवाने त्यांना गद्दार म्हटले. खानुम औषधाची गोळी हातात धरून बसल्या होत्या. "मी तिथे राहिले असते तर मीही सही केली असती," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या आजोबांनीही केली असती. विचार त्यांना."

आजोबांनी मान हलवून होकार दिला.