हणजूणच्या बाजारात पूर्वेचा वारा

गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात मांडव बांधायचा तर वारा पश्चिमेचा धरायचा. पर्यटकांच्या मोसमभर दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून वारा सुटतो, वायव्येकडचा, आणि दिवस कलेपर्यंत टिकतो. ऊनही त्याच बाजूने येतं. म्हणून बहुतेक दुकानांची पाठ समुद्राकडे, तोंड पूर्वेला, आणि पाठीला ताडपत्रीचा पडदा. आम्ही मांडववालेही तसंच बांधत आलो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका बुधवारी ते अंगाशी आलं.

तिथली जमीन आधी समजून घ्यावी लागते. माडांखाली लाल माती दिसते, पण पहार मारली की वीतभरावर चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो. खुंटी धरत नाही. त्यामुळे तणावे वाळूच्या गोणींना. सिमेंटची रिकामी गोण दोन-तृतीयांश भरली की पस्तीस-चाळीस किलो होते. त्याहून जास्त भरली तर तोंड बांधता येत नाही आणि ओढताना शिवण उसवते. माडाच्या बुंध्याला तणावा बांधता येतो, पण त्याआधी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, बोलावून नारळ उतरवलेले आहेत ना, हे विचारायचं. ताडपत्रीवर पडलेला नारळ थेट खाली येतो.

सत्तरच्या दशकात हा बाजार हिप्पींनी सुरू केला तेव्हा मांडववाल्याला इथे कामच नव्हतं. मुक्काम लांबवायला पैसे हवेत म्हणून कुणी कॅमेरा, कुणी जीन्स, कुणी टेपरेकॉर्डर चादरीवर मांडायचा. पुढे कर्नाटकातल्या लमाणी बायका आरसेकाम घेऊन आल्या, मग काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी व्यापारी. चादरीची बाकडी झाली, बाकड्यांवर बांबू उभे राहिले. आता 10 बाय 10 फुटांचा जस्त चढवलेल्या लोखंडी (जीआय) पाइपचा सांगाडा, वर ताडपत्री, पाठीला लोखंडी जाळी आणि तिच्यावर एस-हुकांनी टांगलेले टी-शर्ट, पिशव्या, हत्तीच्या छापाच्या ढगळ विजारी. हाच माल हडफड्याला शनिवारी रात्री दिसतो, कळंगुटच्या रस्त्यावर तर रोजच. माल सारखा झाला की गिऱ्हाईक लांबून दिसणाऱ्या दुकानाकडे वळतं, म्हणून मांडणी जमिनीवरून उठून उभी झाली. आणि उभी मांडणी म्हणजे शीड.

त्या दिवशी पावणेचारला वारा पडला. माडाची झावळी हलेना. आमच्यातले बांद्याचे काका उठून बाजाराच्या मागे डोंगराकडे बघायला लागले. गिऱ्हाईक आणि दुकानदार समुद्राकडे बघत होते, तिकडे आभाळ स्वच्छ होतं. काका म्हणाले, "ह्यो पाऊस दर्यातसून नाय येणा. डोंगरातसून येतलो." जूनचा पाऊस समुद्रावरून येतो, वळीव सह्याद्रीकडून. भर दुपारी समुद्रवारा अचानक थांबला आणि पूर्वेला काळं दिसलं, तर थंड झोत यायला थोडीच मिनिटं उरलेली असतात. पाऊस त्याच्या मागून.

पाठ बंद, दोन्ही बाजू बंद, तोंड पूर्वेला उघडं. पूर्वेच्या वाऱ्यापुढे असं दुकान म्हणजे तोंड पसरलेली पिशवी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 10 बाय 8 च्या मागच्या पडद्यावर ताशी 25 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब वीस-बावीस किलो. 60 किलोमीटरला तोच सव्वाशे किलोच्या आसपास. छताखाली शिरलेला वारा वर उचलतो, तो वेगळाच. चार कोपऱ्यांच्या चार गोणी मिळून दीडशे किलो, पण सांगाडा मागे कलंडायला लागला की पुढच्या दोनच गोणी कामाच्या.

अशा वेळी पहिलं काम जनरेटरचा मेन स्विच पाडणं. सुकलेल्या चिऱ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, सगळी भिस्त 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळायला लागताच आपोआप पडणाऱ्या स्विचवर. आणि खाऱ्या दमट हवेत ती सारखी पडते म्हणून कुणीतरी तिला बगल देऊन थेट वायर जोडलेली असते. त्या दिवशीही एका ओळीत तशी निघाली. त्यानंतर मागचा पडदा सोडायचा, म्हणजे वाऱ्याला वाट मिळते. छताला हात शेवटी: वाऱ्याच्या उलट बाजूच्या गाठी आधी, वाऱ्याकडच्या सगळ्यात शेवटी. उलट केलं तर ताडपत्री फडकत शेजाऱ्याच्या मालावर जाते.

पण मागचा पडदा सोडणार कसा? जाळी पडद्याला लागून, दोन्ही पाइपला प्लास्टिकच्या टायने आवळलेलं, आणि जाळीवर माल. चाकूने टाय कापायचे तर आधी माल उतरवा. एका दुकानाला आम्हा चौघांची सहा-सात मिनिटं गेली. तिसऱ्या दुकानाला हात घातला तेव्हा झोत आला. दोन सांगाडे पाठीवर पडले, एकाचा पाय गुडघ्यासारखा वाकला. माणसं आधीच बाहेर काढली होती, कुणाला लागलं नाही.

उरलेल्या छतांचं नुकसान पाण्याने केलं. दहा फुटांना एक फूट उतार ठेवलेला असतो, पण दिवे टांगून दोऱ्या मध्ये ओढल्या की तिथे खळगा होतो. 10 बाय 10 च्या छतावर सरासरी एक इंच पाणी साचलं तर सव्वादोनशे लिटरच्या वर भरतं. ताडपत्री मध्ये फाटत नाही, कडेच्या पितळी रिंगा उपटतात. खालून बांबूने पाणी ढकलायचं तर टोकाला चिंधी गुंडाळावी लागते, नाहीतर बांबू आरपार जातो.

वाटेच्या कडेला जमिनीवर बसलेल्या लमाणी बायकांनी काकांचं बोलणं ऐकल्याबरोबर चादरीची चार टोकं एकत्र करून गाठ मारली. तिघी बोचकी डोक्यावर घेऊन चालायला लागल्या. त्यांतली म्हातारी जाता जाता म्हणाली, "दादा, तुमचं दुकान लई मोठं झालं बघा."

पुढच्या बुधवारी दुकानं निम्मीही नव्हती. जी होती त्यांचे मागचे पडदे आम्ही टायऐवजी सुतळीच्या सरकगाठीने बांधले, एक टोक ओढलं की सुटेल अशा, आणि जाळी पडद्यापासून दीड फूट पुढे घेतली. त्याने दुकानातली दीड फूट जागा जाते. दुपारी फेरी मारली तेव्हा तीन दुकानदारांनी जाळी परत मागे सरकवली होती. आम्ही ती पुन्हा पुढे घेतली. एकाने पैसे देताना पन्नास रुपये कापले.