ऑलमन ब्रदर्स ऐकायला घेतलेत, सध्या मुक्काम फिलमोर ईस्ट

मंडळी, सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं ब्लूज-कंट्री मिसळलेलं रॉक, ऐकायचंय म्हटलं की लोक थेट लेनर्ड स्किनर्ड हा बँड हातात ठेवतात, मी म्हटलं आधी थोरल्यांकडे जाऊ, म्हणून ऑलमन ब्रदर्स बँड लावला आणि अजून तिथेच आहे. १९६९ ला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला हे जमले आणि लगेच बिऱ्हाड जॉर्जियातल्या मेकनला हलवलं, त्यांचा मॅनेजर फिल वॉल्डन तिथला. सहा जण. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स दोघंही लीड गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग गायला आणि हॅमंड ऑर्गनला, बेसवर बेरी ओकली, आणि ड्रमर चक्क दोन, बुच ट्रक्स आणि जेमो.

नवीन माणसाला सगळे 'रॅम्बलिन मॅन' लावून देतात. गाणं छानच आहे, १९७३ चं, बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं, पण ते बरंचसं कंट्री वळणाचं आणि मुख्य म्हणजे त्यात ड्वेन नाहीच. माझं मत, ते नंतर ऐका. आधी 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलेला डबल अल्बम, प्रोड्युसर टॉम डाउड, गाणी फक्त सात, त्यातलं एक २३ मिनिटांचं. आकडा बघून घाबरू नका.

हेडफोन मात्र लागतोच. पहिलंच गाणं 'स्टेट्सबरो ब्लूज', मूळ ब्लाइंड विली मॅकटेलचं १९२८ चं, त्यात जी घसरत जाणारी, रडवेली गिटार आहे तो ड्वेनचा स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवणं. सर्दीच्या गोळ्यांची छोटी काचेची बाटली अनामिकेत घालून वाजवायचा हा माणूस. तर तो स्लाइड कुठल्या कानात येतोय ते पकडायचं, तो ड्वेनचा कान, दुसऱ्या कानात बेट्स, आणि मग जवळजवळ पूर्ण अल्बमभर कोण काय वाजवतंय ते उलगडायला लागतं. हे जमेपर्यंत मला दोन गिटारींचा नुसता गलका ऐकू येत होता.

खरी मजा 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'ला. शब्द नाहीत, तेरा मिनिटं नुसतं वाजवणं. सुरुवातीला बेट्स गिटारचा व्हॉल्यूम नॉब फिरवत एकेक सूर हळूच वर आणतो, सूर छेडल्याचा आवाजच येत नाही, व्हायोलिन वाटावं इतकं मऊ. मग दोघं मिळून धून वाजवतात, एकाचा सूर थोडा वर एकाचा खाली पण पाऊल एक. मग लय एकदम उचलतात आणि पाळीपाळीने सोलो, पहिला बेट्स, मग ग्रेगचा ऑर्गन, मग ड्वेन. ड्वेन सुरू होतो निवांत आणि कुठे नेऊन सोडतो काय सांगू. ही मंडळी जॅझवाले कोल्ट्रेन आणि माइल्स डेव्हिस भरपूर ऐकायची ते इथे कळतं, कॉर्ड फारसे न बदलता एकाच जागी बसून मांडत जाणं. स्टुडिओतली आवृत्ती जेमतेम सात मिनिटांची, ती नंतर ऐकली तर ट्रेलर वाटली.

'व्हिपिंग पोस्ट'चं तोंड मात्र मोजून बघा. ओकलीचा बेस एकटा सुरू होतो आणि पाय नेहमीसारखा ठेका धरायला गेला की अडखळतो, कारण मात्रा अकरा आहेत. तीन-तीन-तीन-दोन अशी बोटांवर मोजा, एकदा शेवटच्या दोनची जागा सापडली की सुटका. गायन सुरू झालं की ठेका सरळ होतो.

दोन ड्रमर कशाला हा माझा पहिल्यापासूनचा प्रश्न. उत्तर असं की ट्रक्स गाडी सरळ दामटतो आणि जेमो, जो आधी ओटिस रेडिंगबरोबर वाजवून आलेला, जॅझच्या अंगाने मधल्या जागा भरतो. दोघांना वेगळं ऐकणं मला अजून थोडं थोडंच जमतंय. आणि 'यू डोन्ट लव्ह मी'ची एकोणीस मिनिटं, लोक मारतील मला, पण मध्ये कंटाळा येतो.

अल्बम जुलैमध्ये आला आणि ऑक्टोबरमध्ये ड्वेन मेकनमध्येच मोटरसायकल अपघातात गेला, वय २४. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ओकली, तोही मोटरसायकलवर, तेच गाव, तेच वय. दोघंही रोझ हिल कब्रस्तानात आहेत, आणि एलिझाबेथ रीड हे नाव बेट्सने तिथल्याच एका थडग्यावरून उचललेलं.

आता त्यांचा पुढचा डबल अल्बम 'ईट अ पीच' लावलाय. त्यात 'माउंटन जॅम' ३३ मिनिटांचा, मूळ एलपीच्या एका बाजूवर मावत नव्हता म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या बाजूवर तोडून टाकलेला, म्हणजे मध्येच उठून रेकॉर्ड बदला. आपल्याला स्ट्रीमिंगवर ती कटकट नाही तरी मी अजून एका बैठकीत संपवू शकलेलो नाही. त्यानंतर ड्वेनने दुसऱ्यांसाठी वाजवलेलं काम काढणारे, बॉझ स्कॅग्जचं 'लोन मी अ डाइम' आधी, मग विल्सन पिकेटचं 'हे ज्यूड', क्लॅप्टनबरोबरचं 'लेला' तर सगळ्यांना माहीतच आहे. पिकेटनंतर काय लावू, जाणकारांनी सांगा, आणि 'माउंटन जॅम'मध्ये ड्रम सोलो सुरू झाला की तुम्ही पुढे ढकलता का तेही खरं खरं सांगा.