टाचा टेकव

“वाक की गं जरा,” सासूबाई धाकटीच्या कानात पुटपुटल्या.

धाकटी वाकली नाही. अडीच वर्षांच्या पोरीला वाक म्हटलं की ती ताठ होते. मनोरंजन पार्काच्या तिकीट-खिडकीशेजारच्या खांबावर ९० सेंटीमीटरची लाल रेघ मारलेली होती. रेघेच्या आत बसेल ते पोर फुकट. मी सकाळी हौसेनं तिच्या डोक्यावर कारंजं बांधलं होतं, ते नेमकं रेघेच्या वर डुलत होतं. खिडकीतल्या पोरानं मान बाहेर काढली. “शेंडी सोडून मोज की बाबा,” सासूबाई म्हणाल्या. त्यानं एका हातानं कारंजं दाबलं, रेघ बघितली आणि हसून सोडून दिलं. वाचलेले पैसे आत शिरल्यावर पहिल्याच आइस्क्रीमच्या गाड्यावर गेले, ते सोडा.

तासाभरानं तेच आम्ही, त्याच सासूबाई, ‘कोलंबस’ या झुलत्या जहाजापुढं उभे. तिथं रेघ नव्हती, लाकडाचं एक अस्वल होतं. रंग थोडा उडालेलं, एक हात आडवा धरलेलं. त्या हाताला डोकं लागलं तरच जहाजात बसायचं. १२० सेंटीमीटर. थोरला सात वर्षांचा. त्यानं श्वास आत ओढला, मान ताणली, डोळेसुद्धा वर केले. “ताठ हो की रे! शाळेत उभं राहायला शिकवत नाहीत काय?” सासूबाईंनी आता बाजू बदलली होती.

“टाचा टेकव,” जहाजावरचा पोरगा म्हणाला.

टाचा टेकल्या. अस्वलाचा हात आणि थोरल्याचं डोकं यांच्यामध्ये दोन बोटांची फट पडली.

पोरांना घेऊन असल्या पार्कात जाणाऱ्या प्रत्येकाची दिवसातून एकदा तरी ही गंमत होते. खिडकीवर आपलं पोर बुटकं असावं असं वाटतं, झुल्यापाशी उंच. आमच्या पिढीला वय चोरायची सवय होती. रेल्वेत पाच वर्षांपर्यंत फुकट, एसटीत पाच ते बारा अर्धं तिकीट. त्यामुळे माझा भाऊ बेळगाव-मिरज पॅसेंजरमध्ये चांगली दोन वर्षं चारच वर्षांचा होता. टीसी आला की त्याला माझ्या मांडीवर घ्यायचं, त्याचे पाय जमिनीला लागत असले तरी. वय खोटं सांगता येतं, उंची कशी सांगणार? म्हणून पार्कवाल्यांनी वयाच्या भानगडीत न पडता सरळ टेप लावलाय. बेंगळुरूजवळ बिडदीला वंडरला आहे, तिथं ८५ सेंटीमीटरच्या आतलं पोर फुकट आणि तिथून १४० पर्यंत लहान मुलांचं तिकीट, असा हिशेब. दोन वर्षांचं पोर साधारण त्या ८५च्या आगेमागे असतं. हे आकडे पार्कागणिक वेगळे असतात. निघण्यापूर्वी त्यांच्या साइटवर बघून घ्यावं आणि पोराला घरीच भिंतीला उभं करून मोजावं. नाहीतर जे पाचशे किलोमीटरवर जाऊन कळणार, ते घरी पाच मिनिटांत कळतं. आम्ही मोजलं नव्हतं. आमचं पार्क तसं जवळचं, दोन-अडीच तासांवरचं, म्हणून निभावलं.

दोन बोटांसाठी आमच्या यांनी हुज्जत घातलीच. “मी धरून बसतो की त्याला.” यांचाही दोष नाही. आमच्या तालुक्यात महालक्ष्मीची यात्रा काही दरवर्षी नसते, गावोगाव ठरलेल्या वर्षांनी येते. ती आली की पाळणा येतो. तिथला पाळणेवाला पोराला डोळ्यांनी मोजतो आणि आईबापाला म्हणतो, “धरून बसा.” एवढाच नियम. त्या नियमावर आम्ही सगळे वाढलो. मी स्वतः आत्याच्या कमरेला मिठी मारून वरपर्यंत गेलेली आहे आणि वर असताना वीज गेलेलीही बघितली आहे.

जहाजावरचा पोरगा हुक्केरीकडचा असावा, मराठीत कन्नड हेल होता. तो चिडला नाही. रांगेतल्या लोकांना थांबवून म्हणाला, “या साहेब, बसा. पोराला पण बसवा. जहाज चालवत नाही.” दोघं बसले. त्यानं लोखंडी दांडा खाली ओढला. दांडा यांच्या मांडीवर येऊन थांबला (यांच्या मांड्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही), आणि थोरल्याच्या मांडीवर वीतभर जागा उरली. “बघा. बार तुमच्यावर बसला. पोरगं मोकळंच राहिलं.” मग त्यानं थोरल्याला दोन्ही हात वर करायला लावले आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला दांड्याखालून अलगद बाहेर ओढून काढला. भाजीच्या पिशवीतून मुळा निघावा तसा. हे गप्पच झाले. मीही. यात्रेतल्या पाळण्याची आठवण पोटात जरा वेगळ्या जागी जाऊन बसली.

थोरला रडला नाही. त्यानं विचारलं, “दोन बोटं व्हायला किती दिवस लागतात?” या वयात पोरं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोन बोटांना सहा महिने. हा हिशेब मी मनात करत होते, तोवर पोरगा म्हणालाच, “दिवाळीला ये.”

सुरुवात खरं तर भाकरीपासून करायला हवी होती. अकरा माणसं, ठरवलेली क्रूझर, मे महिना आणि त्यात रविवार. यातलं माणसं आणि क्रूझर सोडलं तर बाकी सगळं चुकलेलं. लहान पोरं असतील तर शाळा चालू असताना मधल्या वारी जावं, एक दिवस बुडाला तर बुडाला. रविवारी रांगेतच दिवस जातो, आणि रांगेचं तोंड जवळ आलं की पोराला शू लागते. ते काही केल्या चुकत नाही, म्हणून रांगेत शिरण्यापूर्वीच नेऊन आणायचं, लागलेली नसली तरी. तर भाकरी. सासूबाईंनी आदल्या दिवशी कडक भाकऱ्यांची चळत करून फडक्यात बांधली होती, सोबत शेंगाचटणी. गेटवर तपासणाऱ्या बाईनं पिशवी दाबली, आतून कडकड आवाज आला. ती दचकली. पुन्हा दाबली, पुन्हा कडकड. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. तान्ह्या बाळाचं खाणं बहुतेक ठिकाणी सोडतात. “हे बाळाचं आहे,” सासूबाई म्हणाल्या. बाईनं धाकटीचे दात बघितले, भाकरी बघितली. भाकरी परत क्रूझरमध्ये गेली. दुपारी हातावर शिक्का मारून आम्ही दोन-दोन माणसं बाहेर जाऊन, ड्रायव्हरच्या सीटवर बसून जेवून आलो. झक्क लागली. शिक्का मारून पुन्हा आत सोडतात का, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

पाण्यात उतरायचं तर सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. मला वाटायचं हा भाड्याच्या कपड्यांचा धंदा. तोही असेल, पण सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, घसरगुंडीच्या सांध्यात अडकतो, त्याचे तंतू गाळणीत जाऊन बसतात. पोरांचे नायलॉनचे कपडे घरूनच न्यावेत, दोन-दोन जोड. सासूबाईंनी भाड्याचा तो निळा झगा दोन बोटांत धरून बघितला आणि बाकड्यावर जाऊन बसल्या. समोर ‘रेन डान्स’ चालला होता. वरच्या नळ्यांतून पाऊस, खाली गाणी. सासूबाई जांबोटीकडच्या. जून लागला की चार महिने त्यांच्या माहेरी कौलातून, भिंतीतून, जमिनीतून पाणी येतं. “पैसे देऊन भिजायलेत बघ,” एवढंच म्हणाल्या, आणि ओटीतल्या शेंगा सोलायला लागल्या. शेंगा तेवढ्या गेटवरून सुटल्या होत्या.

या बाकड्याला कमी लेखू नका. वॉल्ट डिस्नी दर शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांच्या चक्रावर न्यायचे. मुली चक्रावर, हे बाकड्यावर, खायला शेंगदाणे. आईबापांना आणि पोरांना एकत्र मजा करता येईल असं काही असायला पाहिजे, हे तिथं बसून सुचलं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. पहिल्या दिवशी एवढं ऊन, की नवं डांबर मऊ होऊन बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळं पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. हे वाचल्यापासून आमच्या त्या रविवाराबद्दलचा माझा राग बराच उतरला. सत्तर वर्षं झाली, एकत्र मजेची जागा निघाली, तरी प्रत्येक कुटुंबातलं एक माणूस अजून बाकड्यावरच आहे. पिशव्या सांभाळत, शेंगा खात. मला विचाराल तर ते माणूस पाहिजेच. त्याच्याशिवाय अकरा जणांच्या चपला राहत नाहीत.

पाण्यातलं फार लिहीत नाही, दोनच गोष्टी. लहान पोरांचं अंग वजनाच्या मानानं पसरट, त्यामुळं ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात, उन्हाळ्यातसुद्धा. ओठ निळसर झाले की “अजून थोडं, अजून थोडं” ऐकायचं नाही. बाहेर काढायचं, पुसायचं, कोरडं घालायचं, काहीतरी खायला द्यायचं. आणि गुडघाभर पाणी असलं तरी पोर हाताच्या अंतरावर पाहिजे. बुडणारं पोर ओरडत नाही, हात हलवत नाही, गप्प जातं. फोन बाकड्यावरच्या माणसाकडं द्यावा तो यासाठी.

धाकटी मात्र कोरड्या जमिनीवर हरवली. कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आलो तर नाही. मला वाटलं यांच्याजवळ, यांना वाटलं माझ्याजवळ, जावेला वाटलं आजीजवळ. वॉकीटॉकीवाल्या बाईनं विचारलं, “बट्टे बण्ण यावुदु? कपड्याचा रंग?” मी म्हटलं पिवळा. हे म्हणाले हिरवा. थोरला म्हणाला, “तिला आत्ताच बदललं की.” काय बदललं ते कुणालाच आठवेना. माझ्या हातांनी मीच घातलेले कपडे, आणि डोक्यात नुसती पांढरी भिंत. तेव्हापासून कुठंही गेलं की गेटवर पोरांचा फोटो काढते, कपडे बदलले की पुन्हा काढते, आणि दंडावर बॉलपेननं फोन नंबर लिहिते. पाण्यानं पुसट होतो, पुन्हा गिरवते. कर्ण्यावरून आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत पुकारलं. मराठीत धाकटीचं वय “अर्धा कमी तीन” सांगितलं. एरवी हसले असते.

पाचेक मिनिटांनी ती सापडली ती अस्वलाजवळ. त्याच्या आडव्या हाताखालून ती जात होती, पलीकडं जाऊन वळत होती, पुन्हा खालून येत होती. हात तिच्या डोक्यापासून चांगला वर, वाकायची गरज नव्हती. तरी दर वेळी ती वाकत होती. सकाळी तिकिटाला वाकली असती तर काय बिघडलं असतं! जहाजावरचा तो पोरगा तिच्यावर एक डोळा ठेवून होता. “तुमचीच ना? मघापासून राइड घेते ही,” म्हणाला. त्या दिवशी जी राइड आमच्यातल्या कुणाला चुकूनही सुचली नसती ती तिनं शोधली होती, आणि तिथं रांगही नव्हती.

परत येताना सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा कणेरी मठ बरा. तिथं आम्ही आधी जाऊन आलो होतो. निपाणीवरून कोल्हापूरकडं जाताना लागतो. सिद्धगिरीचं ते म्युझियम म्हणजे सिमेंटचं अख्खं गाव, माणसाएवढे पुतळे, बारा बलुतेदार, बैल, मोट. तिथं उंची कुणी मोजत नाही. पण तिथं थोरला कंटाळला होता आणि सासूबाई एका पुतळ्यापुढं उभ्या राहून “जात्याचा खुंटा असा धरत नाहीत” असं मोठ्यानं सांगत होत्या. प्रत्येकाचं पार्क वेगळं, काय करणार.

पुढच्या आठवड्यात खानापूरला माहेरी निघाले, दोन्ही पोरांना घेऊन, सरकारी बसनं. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात आम्हा बायकांना ‘शक्ती’ योजनेत फुकट. आधार दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. धाकटी फुकटच. कंडक्टरनं थोरल्याकडं बघितलं. “वय?”

माझ्या तोंडून ‘चार’ निघणारच होतं, रक्तात आहे ते. “सात,” थोरला ओरडला. पुढच्या सीटवरच्या दोघांनी वळून बघितलं.

कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडून त्याच्याच हातात दिलं. त्यानं ते उलटंपालटं करून वाचलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. “आई, आपल्यात मी एकटाच तिकिटाचा,” म्हणाला. मग सीटवरून उठला, टाचा उचलून वरच्या दांडीला हात पुरतो का बघायला लागला. देसूरच्या पुढं बस खड्ड्यात आदळली, तशा त्याच्या टाचा आपोआप टेकल्या.