आमची वाटचाल : मका, गोदाम आणि सोंडे

2008 साली सिल्लोडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये हातोड्यांनी दाणा फोडणारी एक हॅमर मिल बसवली आणि मक्याचा भरडा विकायला लागलो. आधी आसपासची गाई-म्हशीवाली मंडळी, मग दोन-चार कोंबडीवाले. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की भाव पडायचा. तेव्हा गोदाम भरायचं आणि पावसाळ्यात, भाव चढल्यावर, तोच मका दळायचा. एवढंच आमचं अर्थशास्त्र.

चौथ्या पावसाळ्यात ते कोलमडलं. थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घातला तर मका गरम. कान लावला तर आत बारीक कुरकुर. मूठभर दाणे बादलीत टाकले, निम्मे वर तरंगले. सोंड्यांनी, म्हणजे धान्यातल्या सोंडवाल्या किड्यांनी, आतला गर खाऊन नुसती टरफलं ठेवली होती. एका कोंबडीवाल्यानं भरलेली गाडी परत पाठवली. त्याचं काही चुकलं नाही.

मी दोष ओलीला दिला. ओलावा मोजायचं मीटर घेतलं, 12 टक्क्यांच्या वरचा मका थप्पीला लावणं बंद केलं, थप्पीखाली लाकडी फळ्या टाकल्या. फरक पडला. तरी शेजारशेजारच्या दोन थप्प्या, सारख्याच वाळलेल्या. एकीतून पीठ झडतंय, दुसरी ठणठणीत. हे कोडं काही सुटेना.

पुतण्या कृषी पदविकेला होता. त्यानं लोणच्याच्या बरण्या घेतल्या. प्रत्येकीत एका वाणाचे अखंड दाणे, वीस-वीस सोंडे, तोंडाला मलमल. दहा दिवसांनी सोंडे काढून टाकले. मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि वर चिकट बूच मारते. अळी आतच वाढते, बाहेरून पत्ता लागत नाही. पाचेक आठवड्यांनी डोक्याला खळगा असलेल्या, पिठाळ डेंट दाण्याच्या बरणीत तळाला पीठ साचलं होतं आणि सोंडे मोजवेनात. गोटीसारख्या चकचकीत फ्लिंट दाण्याच्या बरणीत मात्र बोटांवर मोजण्याइतके. पुतण्या म्हणतो, कडक गाभा आणि सालीतलं फेरुलिक आम्ल, दोन्हींचा हा परिणाम. मी आपला दाताखाली दाणा धरून बघतो.

शेतकरी वाण निवडतो तो एकरी उतारा बघून. साठवायचं मला आहे, त्याला नाही. कडक मक्याला जास्त भाव देऊन पाहिला, एका हंगामातच हात पोळले. आता काट्यावरच विचारतो, "दादा, बियाणं कोणतं?" पिठाळ मका आधी दळतो, कडक मका पावसाळ्यासाठी मागे लावतो. मळणीत फुटलेला दाणा मात्र कुठल्याही वाणाचा असो, त्याच आठवड्यात संपवतो; साल फुटल्यावर वाण काय करणार? कडक मक्यालाही सोंडे लागतातच, फक्त उशिरा. तेवढा उशीर मला पुरतो. कडक दाण्यानं मिलचे हातोडे लवकर झिजतात, त्याचं बिल निमूट भरतो.

त्या दोन बरण्या अजून गल्ल्याशेजारी आहेत. मागे एका म्हाताऱ्या बाबांनी उचलून हलवून पाहिल्या आणि विचारलं, "हे पण विकता व्हय रे?"