मांजर आणले, कुत्रा घरीच राहिला

पावसाळा सरत आला की कोथरूडमधल्या आमच्या दवाखान्यात गोचीडतापाचे रुग्ण वाढतात. पण त्या सकाळी एक काका टोपलीत मांजर घेऊन आले होते. तिचे कान आणि पंजे सतत थरथरत होते, अंग तापले होते. विचारल्यावर कळले, की घरातल्या लॅब्रॅडोरसाठी आणलेल्या गोचिडीच्या औषधाचे उरलेले थेंब आदल्या रात्री हिच्या मानेवर टाकले होते. त्या औषधात परमेथ्रिन हे कीटकनाशक होते. कुत्र्याचे यकृत त्या विषाचा निचरा करू शकते, मांजराचे करू शकत नाही, आणि त्यावर उतारा नाही. आम्ही आधी इंजेक्शनने थरथर आटोक्यात आणली आणि मग कोमट पाण्याने, भांडी घासायच्या साबणाने तिची मान धुऊन काढली.

हे चालू असताना मी काकांना विचारले, "आणि कुत्रा कसा आहे?"

"तो ठीक आहे हो डॉक्टर, जरा सुस्तावलाय. दोन दिवस जेवला नाही, एवढंच."

मी त्यांना तसेच घरी पाठवून त्याला आणायला लावले. ताप १०४ फॅरनहाइट, हिरड्या फिकट आणि पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर हव्यात, त्या बावीस हजार निघाल्या. एर्लिकियाची, म्हणजे गोचीडताप आणणाऱ्या जिवाणूची, चाचणीही पॉझिटिव्ह आली. एखाद्या धक्क्यानेही नाकातून रक्त सुरू झाले असते. मांजराचे झटके डोळ्यांना दिसतात, म्हणून माणसे धावत येतात. हा आजार मात्र गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी गुपचूप सुरू होतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर काही कुत्र्यांमध्ये महिनोन्महिने दबून राहून शेवटी रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेवर घाला घालतो. मला याचीच अधिक भीती वाटते.

गोचिडी तिथूनच येतात, म्हणून काकांचा सगळा राग जवळच्या वेताळ टेकडीवर होता. टेकडीवर गोचिडी नसतात असे नाही, परंतु कुत्र्यांवरची ही तपकिरी जात घरातच वस्ती करते. प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन ती कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते, आणि पूर्ण वाढलेली मादी तिथेच हजारो अंडी घालते. अंगावर दिसतात त्या थोड्याच. बाकीच्या गॅलरीत असतात.

मांजराची थरथर दुसऱ्या दिवशी थांबली आणि तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा कोर्स दिला. आठवड्यात तो खाऊ लागला, पण बरा दिसतो म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका, हे मी काकूंना स्वतंत्रपणे सांगितले, कारण गोळ्या देण्याचे काम त्यांच्याकडे होते. दोन्ही जनावरांची औषधे वेगळ्या डब्यांत ठेवायला लावली. घरातली फवारणीही काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागली. अंड्यांतून नवी पिल्ले निघतच होती.